मुकी हवा

शरयू देवतळेचं कोणाशी फार काळ पटलं, असं कधी झालं नाही. वडिलांशी नाही, शिक्षकांशी नाही, जिला तिनं नाव मिळवून दिलं त्या कंपनीशी नाही, आणि नवऱ्याशी तर नाहीच नाही. तिला ओळखणारे लोक आधी तिच्या बुद्धीचं कौतुक करत आणि मग आवाज खाली आणून 'पण' म्हणत. त्या 'पण'नंतर काय येतं ते तिलाही ठाऊक होतं. त्याची तिनं कधी पर्वा केली नाही.

ती नागपूरची. वडील वामनराव यांचा इतवारीत कूलर बनवण्याचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड, आणि तिच्यात वर्षातले चार महिने अहोरात्र चालणारी ठोकाठोक. शाळेत असतानाच शरयूनं पंख्याच्या पात्यांचा बाक बदलून पाहिला. कडा थोड्या दुमडल्या, टोकांना करवतीसारख्या खाचा पाडल्या. पंखा जास्त हवा फेकू लागला आणि जवळजवळ बिनआवाजाचा झाला. वामनरावांनी तो चालवून पाहिला आणि दुसऱ्या दिवशी जुनी पाती बसवली.

"गिऱ्हाइकाले आवाज पायजे," ते म्हणाले. "घरघर नाही केली त त्याले वाटते, हवाच येऊन नाही राहिली. तू काऊन आवाज काढून राहिली त्याचा?"

"लोक मूर्ख आहेत म्हणून आपण वाईट पंखा करायचा?"

"हो," वामनराव म्हणाले. "धंदा लोकांशी आहे."

शरयू त्यानंतर त्या शेडमध्ये गेली नाही. उन्हाळ्याच्या दुपारी ती सायकल घेऊन भांडेवाडीच्या कचराडेपोकडे जायची. नाकाला रुमाल बांधून घारी पाहत बसायची. मे महिन्यात तिथं गरम हवेचे असे भोवरे उठत, की कागद, प्लास्टिक, धूळ सगळं गरगरत वर जाई. त्या भोवऱ्यातून घार मात्र सरळ निघून जायची. तिचं डोकं, तिचं अंग जागचं हलायचं नाही. हलायची ती फक्त पंखांवरची पिसं. एकेक पीस आपल्यापुरतं उचललं जाई, आपल्यापुरतं बसे. तो धक्का घारीपर्यंत पोहोचतच नाही, पिसंच तो वाटून घेतात, हे शरयूच्या तिथं लक्षात आलं. पुढं बंगळुरूला शिकताना आणि मग हॉलंडमधल्या विंड टनेलमध्ये, कृत्रिम वाऱ्याच्या बोगद्यात, संशोधन करताना तिनं जे काही केलं, ते या एका गोष्टीचा पाठलाग होता.

तोवर जग बरंच तापलं होतं. तापलेल्या पृथ्वीवर उंचावरचे वारे अधिक बेभान झाले. निरभ्र आकाशात विमानं अचानक पाच-पन्नास फूट खाली आदळू लागली. पावसाळी ढगांचे माथे पूर्वी विमानं जात त्या उंचीच्याही वर पोहोचले. प्रवाशांची डोकी फुटत, हाडं मोडत, लोक विमानाला घाबरू लागले. अशा वेळी शरयू नागपूरला परतली आणि 'ऊर्ध्व एअरोनॉटिक्स' या नव्या कंपनीत मुख्य अभिकल्पक, म्हणजे चीफ डिझायनर, झाली. कंपनीचे मालक अभिराम लोहोकरे यांना विमानांतलं फारसं कळत नव्हतं, पण माणसांना कशाची भीती वाटते ते नेमकं कळत होतं.

शरयूनं केलेला पंख वरून पाहिला तर माशाच्या खवल्यांसारखा दिसे. तळहाताएवढी हजारो पातळ पिसं. विजेचा सूक्ष्म प्रवाह दिला की वाकतील अशा पदार्थाची. विमानाच्या नाकात एक लेसर, तो समोरची हवा आधीच चाचपून पाही. एरवी खालून हवेचा लोट आला की पंखाला एकदम जास्त उचल मिळते आणि विमान वर फेकलं जातं, तोच धक्का. शरयूच्या पंखात लोट येण्याआधीच पिसं उभी राहत आणि ती जादा उचल सांडून देत. हवा खाली जाऊ लागली की पिसं मिटून, वाकून उचल वाढवत. हे सगळं सेकंदाच्या शंभराव्या भागात. आत बसलेल्या माणसाला काहीच कळत नसे.

पहिलं उड्डाण केलं ते कॅप्टन निरंजन सबनीस यानं. हवाई दलातला चाचणी वैमानिक, पुण्याचा, देखणा, आणि आपल्याइतकं विमान कुणाला कळत नाही अशी पक्की खात्री असलेला. शरयूचीही स्वतःबद्दल तीच खात्री होती. दोघांनी लग्न केलं याचं कंपनीत सगळ्यांना आश्चर्य वाटलं. पहिलं वर्ष बरं गेलं. मग निरंजन कुरकुर करू लागला.

"विमान माझ्याशी बोलत नाही," एकदा जेवताना तो म्हणाला.

"विमानानं बोलायचं नसतं, उडायचं असतं."

"तू कधी उडवलंयस? हवा खराब आहे हे मला आधी कुठं कळतं माहितीये? बुडाला. खुर्चीतून. डोळे, काटे, रडार सगळं नंतर. तुझ्या पिसांनी हवा मुकी केलीय. मी बहिऱ्यासारखा बसलेला असतो."

"मग ते आकड्यांत मांडून दाखव."

"प्रत्येक गोष्ट आकड्यांत येत नाही, शरयू."

"ज्यांना आकडे येत नाहीत ते असंच म्हणतात."

निरंजननं ताट बाजूला सारलं. पुढं त्यांच्यात जे काही बोलणं झालं ते बहुतेक या जातीचं होतं.

चाचण्यांचा शेवटचा टप्पा मेळघाटावरच्या पावसाळी ढगांत होता. वादळाच्या आतून विमान आरपार न्यायचं, एवढंच काम. निरंजन ढगात शिरला आणि मध्यातून परत फिरला. शरयूनं विमानात नोंदलेली माहिती तपासली. पिसं जेमतेम साठ टक्के उघडली होती. विमानाला एकही धक्का बसला नव्हता. सगळ्या चमूसमोर ती नवऱ्याला म्हणाली, "ढग पाहून घाबरलास. आता वय झालं, कबूल कर."

आठवड्याभरात निरंजननं विमान सुरक्षा मंडळाकडं तक्रार केली: डाव्या पंखाची पिसं ढगात गोठली, विमान एका बाजूला ओढू लागलं, नियंत्रण जड झालं, म्हणून परत फिरावं लागलं. मंडळानं सुनावणी घेतली. शरयूनं प्रत्येक पिसाची नोंद पडद्यावर मांडली. एकही पीस गोठलं नव्हतं. नियंत्रण जड झालं नव्हतं. विमान कुठंही ओढलं गेलं नव्हतं.

"कॅप्टन सबनीस खोटं बोलताहेत," ती म्हणाली. नवरा समोर तीन खुर्च्या सोडून बसला होता. "का बोलताहेत ते मला ठाऊक नाही. बहुधा आपल्याशिवाय विमान नीट उडतं हे त्यांना सहन होत नसावं."

आणि ते खोटंच होतं, त्यात शंका नव्हती. निरंजननं मान खाली घातली ती वर केलीच नाही. त्याचा परवाना निलंबित झाला, नोकरी गेली, पाठोपाठ लग्नही मोडलं. घटस्फोटाच्या कागदांवर सही करताना त्यानं शरयूकडं पाहिलं नाही. तिनंही पाहिलं नाही.

त्यानंतरची सहा वर्षं शरयूच्या पंखाची होती. ऊर्ध्वच्या जाहिरातीत विमानातल्या टेबलावर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला दिसे, खिडकीबाहेर विजा चमकत, आणि पेल्यात तरंगही उठत नसे. लोक वेड्यासारखे त्या विमानांची तिकिटं काढू लागले. विमान कंपन्यांच्या लवकरच लक्षात आलं की या विमानांना वादळाला वळसा घालायची गरज नाही. सरळ गेलं की इंधन वाचतं, वेळ वाचतो. मार्ग सरळ झाले. रडारवर लाल डाग दिसला तरी वैमानिक तसेच पुढं जाऊ लागले, कारण आत गेल्यावर काही होतच नसे. पट्टे बांधायची सूचना क्वचितच लागे. लोक विमानात फेऱ्या मारत, मुलं मधल्या वाटेत बसून खेळत, हवाई सेविका वादळाच्या पोटात चहाची गाडी ढकलत फिरत.

बंगालच्या उपसागरावर, नागपूरहून सिंगापूरला जाणाऱ्या विमानात, प्रणोती मेश्राम नावाची सेविका अशीच चहाची गाडी ढकलत होती. चहा कपांत हिंदकळतही नव्हता. पुढच्या क्षणी विमान वर फेकलं गेलं आणि मग दगडासारखं खाली आलं. पट्टा कुणीच बांधलेला नव्हता. विमानातली सगळी माणसं छताला जाऊन आपटली. प्रणोतीची मान मोडली, ती जागीच गेली. तीसेक जण जबर जखमी झाले. कॅप्टन रेवती कोलारकरनं मोठ्या कष्टानं विमान सांभाळून चेन्नईला उतरवलं.

लोहोकऱ्यांचं निवेदन त्याच दिवशी बाहेर पडलं: रडारवर तीव्र वादळ दिसत असताना वैमानिकानं बेदरकारपणे विमान आत घातलं. रेवतीवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदवण्याची तयारी सुरू झाली. शरयूला ते निवेदन योग्यच वाटलं. पंख तुटला नव्हता, एकही पीस निकामी झालं नव्हतं. तिच्या यंत्रानं काम चोख केलं होतं.

रेवती तिला कंपनीच्या आवारात भेटली. भेटली म्हणजे गाडीसमोर आडवी उभी राहिली. हात गळ्यात बांधलेला, डोळ्याखाली काळंनिळं.

"वकिलांमार्फत बोला," शरयू म्हणाली.

"वकिलांना विमान कळत नाही. तुम्हाला कळतं म्हणतात." रेवती जागची हलली नाही. "रडार लाल होतं, मान्य. मॅडम, रडार रोज लाल असतं. आम्ही रोज त्यातून जातो आणि रोज काही होत नाही. वेळापत्रकच तसं आहे. वळसा घातला की विमान कंपनी खुलासा मागते. माझ्या मागं चहा वाटणं चालू होतं आणि तो सांडत नव्हता. मी कशावर विश्वास ठेवायचा होता?"

"रडारवर."

"तुम्ही ठेवला असता?"

शरयूनं गाडी मागं घेतली आणि दुसऱ्या फाटकानं निघून गेली. पण तो सांडत नसलेला चहा तिच्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी तिनं त्या उड्डाणाची सगळी नोंद काढून दोन रेषा एकाखाली एक मांडल्या. वरची रेषा पिसं किती उघडली त्याची. ती चढत, चढत, चढत गेली होती. खालची रेषा विमानाला बसलेल्या धक्क्यांची. ती सपाट, अगदी सपाट. वरची रेषा शंभर टक्क्यांना टेकली आणि त्याच जागी खालची रेषा भिंतीसारखी उभी राहिली.

यात न कळण्यासारखं काही नव्हतं. पिसं पूर्ण उभी राहिली की त्यांच्याकडं देण्यासारखं काही उरत नाही. उलट इतकी उभी राहिलेली पिसं पंखावरची हवाच उखडून टाकतात आणि उचल एकाएकी नाहीशी होते. पंखाला मर्यादा असते हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. त्या मर्यादेपर्यंत पोहोचण्याचं काम माणसं करतील, आणि ती केवळ तिचा पंख इतका चांगला आहे म्हणून करतील, याचा तिनं विचार केला नव्हता. साधं विमान आधी थरथरतं, मग हिसके देतं, मग आपटतं. माणूस दुसऱ्या पायरीवरच घाबरून वळतो. तिनं मधल्या पायऱ्या काढून टाकल्या होत्या.

आणि मग तिला मेळघाटाची रेषा आठवली. तीही अशीच चढत गेली होती. साठावर थांबली होती, कारण निरंजन परत फिरला होता. त्याला तर काहीच जाणवलं नव्हतं. मग तो का फिरला?

निरंजन वरुडला असतो एवढं तिच्या कानावर होतं. पुण्याला तोंड दाखवायचं नव्हतं म्हणून तो विदर्भातच राहिला होता. एका फवारणीवाल्या कंपनीसाठी संत्र्यांच्या बागांवर ड्रोन उडवत होता. शरयू पोहोचली तेव्हा तो बांधावर उभा होता, तोंडाला मुसकं, हातात ड्रोन चालवायचा खोका. औषधाचा उग्र वास सगळीकडं भरला होता. त्यानं तिला पाहिलं, ड्रोनची ओळ पुरी होऊ दिली, तो खाली उतरवला आणि मग मुसकं काढलं.

"कोण मेलं ते वाचलं मी," तो म्हणाला. "तुझी पिसं शाबूत आहेत ना?"

"मला एक विचारायचंय. मेळघाटावर तू परत का फिरलास?"

"मी मंडळाला सांगितलं होतं."

"ते खोटं होतं. खरं कारण विचारतेय."

निरंजन हसला. त्या हसण्यात काही चांगलं नव्हतं. "आधी तू एक कर. सगळ्यांसमोर म्हण, कॅप्टन सबनीस खोटं बोलले नव्हते. मग सांगतो."

"तू खोटं बोलला होतास."

"तू मला आकडे मागितलेस. माझ्याकडं आकडे नव्हते. मग मी तुला समजेल असं काहीतरी दिलं."

"रचून दिलंस. मी ते खरं म्हणणार नाही. रेवती कोलारकरला तुरुंगात टाकायला निघालेत, तिच्यासाठीसुद्धा म्हणणार नाही."

दोघांपैकी कुणालाही नजर आधी काढून घ्यायची नव्हती.

"सांगतो," शेवटी निरंजन म्हणाला. "ती पोरगी माझी कोण लागते? तिच्यासाठी नाही. तुझ्यासाठीही नाही. हे ऐकल्यावर तुला सुखानं जगता येणार नाही, म्हणून सांगतो." त्यानं खोका खाली ठेवला. "आत शिरलो तर समोर ढगाचा गाभा हिरवट काळा होता. असा रंग गारांच्या ढगाला असतो. वीस वर्षांत तसल्या ढगाजवळ गेलो की दात वाजायचे. त्या दिवशी खुर्ची पाळण्यासारखी शांत. डोळे म्हणत होते मरशील, आणि बूड म्हणत होतं झोप. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही. कुणीतरी माझ्याशी खोटं बोलत होतं. ढग खोटं बोलत नाही, शरयू. म्हणून फिरलो. बस. यातलं काय तू पडद्यावर दाखवणार होतीस?"

"तेव्हा हेच सांगितलं असतंस तर," ती म्हणाली.

"तर तू काय केलं असतंस?"

तिनं खरं उत्तर दिलं. "हसले असते."

"जा आता," निरंजन म्हणाला आणि त्यानं पुन्हा मुसकं चढवलं.

नागपूरला परतेपर्यंत उपाय तिच्या डोक्यात तयार होता, आणि तो लाजिरवाणा सोपा होता. पिसांनी सगळा धक्का गिळायचा नाही. एक हिस्सा आत जाऊ द्यायचा. हवा थोडी बिघडली तर थोडा, जास्त बिघडली तर जास्त, आणि पिसं अर्ध्यावर आली की खुर्चीतल्या प्रत्येक माणसाला पट्टा बांधावासा वाटेल इतका. नवं यंत्र नको, पंखात बदल नको. फक्त पिसांना दिलेली आज्ञा बदलायची.

लोहोकऱ्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. चहा मागवला. मग म्हणाले, "म्हणजे मॅडम, आपण लोकांना शांतता विकली आणि आता तुम्ही म्हणताय तीत मुद्दाम धक्के घाला."

"हो."

"आणि ते केलं म्हणजे आधीचं चूक होतं हे कबूल केल्यासारखं होतं. प्रणोती मेश्राम आपल्या माथी येते."

"ती आपल्याच माथी आहे."

"वैमानिकाच्या माथी आहे. मंडळही तसंच म्हणणार आहे." लोहोकऱ्यांचा आवाज चढला नाही. "या कारखान्यात चार हजार माणसं आहेत. तुमच्या वडिलांच्या इतवारीच्या कारखान्यातून आलेलीसुद्धा. तुम्हाला माणसांशी देणंघेणं नाही हे मला माहीत आहे, पण निदान पंखाशी तरी इमान राखा. तुमचा आहे तो."

"म्हणूनच," शरयू म्हणाली.

"तुम्ही सुनावणीत कंपनीच्या बाजूनं साक्ष देणार आहात. काय बोलायचं ते वकील सांगतील. त्यापलीकडं एक शब्द बोललात तर या शहरात, या देशात तुम्हाला कुणी कागदी विमानही करू देणार नाही, याची व्यवस्था मी करीन."

तो चहा शरयूनं प्यायला नाही.

विमान सुरक्षा मंडळाची सुनावणी भरगच्च होती. एका बाजूला रेवती कोलारकर, दुसऱ्या बाजूला कंपनीची माणसं, मागं प्रणोतीचे आईवडील. कंपनीच्या वकिलानं शरयूला पंख निकामी झाला होता का एवढंच विचारलं. नाही, ती म्हणाली. मग तिनं न विचारता त्या दोन रेषा पडद्यावर लावल्या. वकील उठून हरकत घेऊ लागला, पण मंडळाच्या अध्यक्षांनी त्याला खाली बसवलं.

शरयूनं शांतपणे समजावून सांगितलं. कूलरच्या पंख्याबद्दल बोलावं तसं. शेवटी म्हणाली, "या रेषेत वैमानिकाला सावध करणारं काहीही नाही. ते मी काढून टाकलं होतं. हा पंख ज्या मान्यतेवर उडतो, तिच्यावर मुख्य अभिकल्पक म्हणून माझी सही आहे. ती मी मागं घेते. आज्ञा बदलल्याशिवाय या पंखाचं एकही विमान उडू नये."

सभागृहात गलका झाला. लोहोकरे उठून बाहेर गेले. गलका शमल्यावर वकिलानं विचारलं, "म्हणजे सहा वर्षांपूर्वी कॅप्टन सबनीस खरं बोलत होते आणि तुम्ही त्यांना उगाच खोटं ठरवलंत, असं म्हणायचंय?"

तो तिला अडकवू पाहत होता, आणि एका शब्दात सुटण्याची वाटही तिच्यासमोर होती.

"नाही," ती म्हणाली. "ते खोटंच बोलले होते. पिसं गोठली नव्हती. पण ते परत फिरले ते बरोबर होतं. मी त्यांना भित्रा म्हटलं. ते चुकीचं होतं, आणि ती चूक झाली नसती तर प्रणोती मेश्राम आज जिवंत असती."

मागच्या रांगेतून एक हुंदका आला. तिनं वळून पाहिलं नाही.

रेवतीवरचा गुन्हा मागं घेतला गेला. बाहेर पायऱ्यांवर शरयू तिच्याजवळ गेली तेव्हा रेवती बाजूला सरकली. "तुमचे आभार मानायचे नाहीयेत मला," ती म्हणाली. "प्रणोतीनं दोन मिनिटं आधी मला चहा दिला होता. मी तिला पट्टा बांध म्हणू शकले असते. ते माझं. बाकीचं सगळं तुमचं." आणि ती निघून गेली.

विमानं पाच महिने जमिनीवर राहिली. ऊर्ध्वनं शरयूला काढलं, तिच्यावर दावे लावले, आणि मग स्वतःच निम्मी माणसं कमी केली. त्या माणसांनी शरयूच्या घराच्या भिंतीवर डांबर फासलं. वामनराव तेव्हा अंथरुणाला खिळले होते. इतवारीच्या कारखान्यातल्या एका जुन्या मिस्त्रीचा मुलगा त्यांच्या डोळ्यांदेखत शरयूला घाणेरड्या शिव्या देऊन गेला, आणि ते तोंड फिरवून पडून राहिले. निरंजनचा परवाना पुन्हा विचारात घेतला जाणार असल्याची बातमी आली. त्याचा एकच संदेश आला: 'खोटं बोललो हे पुन्हा सांगायची गरज नव्हती.' तिनं उत्तर पाठवलं: 'होती.' त्यानंतर दोघांत काही बोलणं झालं नाही.

नवी आज्ञा घातलेली विमानं उडू लागली तेव्हा लोकांनी बोंब मारली. पैसे देऊन धक्के कोण खाणार, असं प्रत्येकजण विचारत होता. पण मंडळानं नियमच केला होता, त्यामुळे दुसरा इलाज नव्हता. हळूहळू पट्टे पुन्हा बांधले जाऊ लागले. मुलं वाटेतून उठून खुर्चीत बसली.

कोचीच्या एका छोट्या महाविद्यालयानं शरयूला शिकवायला बोलावलं. तिथं तिला ओळखणारं कुणी नव्हतं, म्हणून ती हो म्हणाली. विमानात तिला खिडकीजवळची जागा मिळाली. शेजारी एक जाडसर गृहस्थ होते. हैदराबाद मागं पडल्यावर खुर्च्या थरथरू लागल्या. मग हिसके सुरू झाले. गृहस्थांच्या हातातलं ताक शर्टावर सांडलं.

"पूर्वी असं नव्हतं," ते रुमालानं शर्ट पुसत म्हणाले. "कुठली तरी बाई होती म्हणे, कंपनीशी वाकडं आलं म्हणून तिनं सगळी विमानं बिघडवून ठेवली. अशा माणसांना चौकात उभं करून मारलं पाहिजे."

"पट्टा आवळा," शरयू म्हणाली.

"काय?"

"पट्टा सैल आहे तुमचा. आवळा."

त्यांनी तिच्याकडं रागानं पाहिलं, पण तेवढ्यात विमानानं असा हिसका दिला की त्यांचे हात आपोआप पट्ट्याकडं गेले. हवाई सेविका चहाची गाडी कुलूपबंद करून आपल्या खुर्चीत बसल्या. समोर, खिडकीच्या कोपऱ्यात, ढगाचा एक प्रचंड खांब दिसत होता, काळा आणि कडेला हिरवट.

मग पंख कलला. विमान सावकाश डावीकडं वळलं आणि ढगाला बगल देऊन समुद्राच्या बाजूनं जाऊ लागलं. वैमानिकानं सांगितलं की वळसा घ्यावा लागतोय, उतरायला उशीर होईल. सगळ्या विमानातून वैतागलेले सुस्कारे उठले. शेजारच्या गृहस्थांनी पुन्हा त्या बाईचा उद्धार केला.

शरयू बाहेर पाहत होती. पंखावरची पिसं उभी होती. तिनं डोळे बारीक करून नीट पाहिलं. ती अर्धीच उघडली होती.